सहा गुंठ्यांचे बालोद्यान, फायबरचे मावळे आणि एक म्हैस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, भर वस्तीतली सहा गुंठे मोकळी जागा नगरपरिषदेने बालोद्यानासाठी राखली आहे. ‘आपली संस्कृती दिसली पाहिजे’ यावर सगळ्यांचे एकमत आहे. ठेकेदाराने दिलेल्या आराखड्यात प्रवेशाला बुरुजांची कमान, आत फायबरचे सहा मावळे, एक तोफ, कंपाउंडच्या भिंतीवर वारली चित्रे, मधोमध कारंजे आणि रस्त्याच्या कडेला गावाच्या नावाची रंगीत अक्षरे आहेत. हे योग्य आहे का, आणि नसेल तर काय करावे?

योग्य नाही. पण ठेकेदाराला दोष देऊ नका. बाजारात ज्या वस्तू तयार मिळतात त्या त्याने मांडल्या. मी उद्यानरचनेच्या कामात पंचवीसेक वर्षे आहे आणि असले आराखडे सुरुवातीला मीही काढलेत. गोम एवढीच आहे की या यादीत मुलाने करण्यासारखे काहीच नाही. मावळा बघायचा, तोफ बघायची, भिंत बघायची, कारंजे चालू असेल तर तेही बघायचे. पाच वर्षांचे पोर मावळ्याच्या ढालीला लोंबकळणारच. मग ढाल निखळते, फायबरचे कुसळ हातात घुसते, आणि तिथे ‘हात लावू नये’ची पाटी लागते.

मुंबईच्या मलबार हिलवरचे कमला नेहरू पार्क आठवा. १९५२ सालचे. तिथला बूट सोली आर्सेवाला यांनी रचला, तो एका इंग्रजी बडबडगीतातल्या म्हातारीवरून. म्हणजे कल्पना आपली अजिबात नाही. तरी मराठी घरांत तो ‘म्हातारीचा बूट’ म्हणून असा रुळला की मूळ गाणे माहीत नसलेली माणसेही आपल्या नातवंडांना तिथे घेऊन जातात. कारण साधे आहे. त्या बुटात शिरता येते, आतल्या जिन्याने वर चढता येते आणि वरून खाली उभ्या असलेल्या आईला हाक मारता येते. विषय कुठला यापेक्षा त्याच्याशी काय करता येते, यावरून मुले एखादी वस्तू आपली मानतात. आपल्याच मातीतला मावळा चौथऱ्यावर उभा केला तर तो मुलांना पाहुणाच राहतो.

मावळ्यांची दुसरीही एक अडचण आहे, आणि ती खास आपली. चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. देव, संत, महाराज यांच्या जवळपासचे काहीही खेळाच्या जागेत ठेवले की मुलांच्या पायांना मज्जाव होतो. पुढे कुणी तरी हार घालतो, मग कुंपण येते. एका गावात आम्ही दगडी कासव बसवले होते, मुलांनी पाठीवर बसावे म्हणून. तीन महिन्यांत त्यावर हळदकुंकू पडले, कारण कासव देवळापुढे असते हे आमच्या ध्यानातच आले नाही. त्यानंतर कुठलाही प्राणी ठरवण्याआधी मी गावातल्या दोन आज्ज्यांना विचारतो. पुतळ्याला लागणाऱ्या परवानग्यांबद्दल तर बोलतच नाही.

मग काय ठेवायचे? मुलांची स्वतःची संस्कृती कुठे आहे ते बघा. ती सागरगोट्यांत आहे, लगोरीत आहे, भोंडल्यात आहे, दिवाळीच्या किल्ल्यात आहे. तुमच्या आराखड्यातला किल्ला मोठ्यांनी बांधून दिलेला आहे. गावातली पोरे दर दिवाळीत दगड, विटा, गोणपाट आणि चिखल जमवून तो स्वतःच बांधतात. फ्लॅट वाढले तशी त्यांची जागा तेवढी गेली. ती जागा परत द्या. चार मीटर बाय तीन मीटरचा, गुडघाभर उंचीचा दगडी कठड्याचा ओटा, आत लाल माती आणि मुरूम, शेजारी एक नळ. बस. वर्षभर तो मातीत खेळायचा हौद, आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस किल्ल्याचे मैदान. मावळे मुले कुंभाराकडून आणतील, डोंगरउतारावर अळीव पेरतील, रोज सकाळी उगवले का ते बघायला येतील. तुमचे सहा मावळे जेवढ्यात येतील त्याच्या किरकोळ भागात हे होते. अवघड आहे ते एवढेच की उद्घाटनाच्या दिवशी तिथे फक्त माती दिसेल, आणि नारळ फोडायला आलेली मंडळी विचारतील, ‘काम कुठाय?’

भोंडल्याचे तसेच. पाटावर हत्ती काढायचा, पाट मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर धरायचा, ही रीत. कारंज्याच्या जागी फरशीतच हत्ती जडवा. काळ्या बसाल्टमध्ये पांढऱ्या संगमरवराच्या पट्टीची बाह्यरेषा, सव्वा मीटरचा हत्ती, पृष्ठभागाशी अगदी सपाट. भोवती फेर धरायला जागा किती लागते, ते मी एकदा मुलींना उभे करून मोजले आहे: वीस मुली हात धरून फिरल्या की व्यास सहा मीटरच्या आसपास जातो. तेवढे वर्तुळ मोकळे ठेवा, त्यात ना झाड ना बाक. नवरात्रात नऊ संध्याकाळी तिथे भोंडला होईल, खिरापत ओळखली जाईल. उरलेल्या दिवसांत तीच जागा लगोरीची, सायकल शिकण्याची, आजोबांच्या फेऱ्यांची. तुम्ही खानदेशातून विचारले असते तर मी तिकडच्या मुलींच्या भुलाबाईचा विचार केला असता. हत्ती काही सगळीकडे चालत नाही.

बसण्याच्या जागेसाठी तर तुमच्याच जिल्ह्यात नमुना आहे. लिंबची बारा मोटेची विहीर, शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ दरम्यान बांधून घेतलेली. अष्टकोनी विहीर, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, वर मोटांच्या जागा. तिची प्रतिकृती करू नका. बालोद्यानात खोल असे काही नको, आणि छोटी केलेली विहीर हौदासारखी दिसते. घ्यायचा तो उतरत्या पायऱ्यांचा अष्टकोन: तीनच पायऱ्या, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर उंच आणि साठ सेंटिमीटर रुंद, एकूण खोली अर्ध्या मीटरच्या आत. पायरीवर आई बसते, मूल तळाशी खेळते, शाळेचा एखादा कार्यक्रमही होतो. तळाखाली शोषखड्डा घ्या म्हणजे पावसाळ्यात पाणी साचणार नाही. तो विसरलात तर जूनमध्ये तुमच्याकडे खरोखरच विहीर तयार होईल.

आता म्हशीकडे येतो. उत्तराच्या शीर्षकात ती आहे आणि माझ्या मते तुमच्या बागेची मुख्य कलाकृती तीच व्हावी.

मुलांना ‘तुम्हाला बागेत काय हवे?’ असे विचारून उपयोग नसतो. ती घसरगुंडी, झोपाळा आणि मोबाइलमध्ये बघितलेले डायनासोर सांगतात. त्याऐवजी शाळेत जाऊन शाडूचे गोळे द्यायचे आणि म्हणायचे, ‘जिच्यावर बसता येईल अशी गोष्ट करा.’ अशाच एका बैठकीत चौथीतल्या मुलीने केलेली म्हैस मी जपून ठेवली आहे. पाण्यात बसलेली, चारही पाय पोटाखाली, मान थोडी वळवलेली, आणि पाठीवर अंगठ्याने दाबून केलेला खळगा. खळगा कशाला, म्हणून विचारले तर म्हणाली, ‘बसल्यावर घसरू नये म्हणून.’ एखाद्या शिल्पकाराला यापेक्षा वेगळे काय सांगायचे असते?

बसलेली म्हैस हे खेळण्याचे अगदी उत्तम रूप आहे. बुटकी, रुंद, सगळीकडून गोल. पाठ साठ सेंटिमीटर उंच धरा. हा आकडा मनाचा नाही. खेळाच्या साधनांसाठी युरोपात ईएन ११७६ नावाचे मानक आहे. पडण्याची उंची साठ सेंटिमीटरच्या आत असेल, तर खालची जमीन धक्का शोषणारी आहे की नाही याची चाचणी त्यात लागत नाही. म्हणजे म्हशीभोवती महागड्या रबरी टाइल्स घालायची गरज नाही, साधी माती पुरते. चारही बाजूंना दीड मीटर मोकळे मात्र सोडा. आणि शिंगे! पंढरपुरी म्हशीची पाठीपर्यंत जाणारी लांब शिंगे दिसायला कितीही देखणी असली तरी इथे नकोत. मुऱ्हा म्हशीसारखी कानाशी घट्ट वळलेली, मानेला चिकटलेली शिंगे करा, म्हणजे कुठेच टोक बाहेर येत नाही. यावर एका शिल्पकाराशी माझे तासभर भांडण झाले होते. आमच्या भागातली म्हैस अशी नसते, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. मी हरलो असतो, पण त्याच्याच धाकट्या मुलाच्या कपाळावर टाके होते.

ती करायची कशात? फायबरमध्ये नको. उन्हाने रंग उडतो, वरचा लेप झिजला की काचेचे धागे वर येतात. दगडात घडवणारा पाथरवट मिळाला तर त्याच्यासारखे काही नाही, पण एवढा मोठा अखंड दगड आणणे आणि बसवणे खर्चाचे आहे. मधला मार्ग फेरोसिमेंटचा. आठ मिलिमीटर सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळीचे दोन-तीन थर तारेने घट्ट बांधलेले, आणि एकास दोन सिमेंट-वाळूचा मसाला जाळीतून दाबून आरपार. जाडी तीन सेंटिमीटर. मसाला एकाच दिवसात पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर जिथे काम थांबले तिथेच पुढे चीर पडते. मग चौदा दिवस ओली गोणपाटे. पोटाशी पाणी निघायला एक भोक ठेवा.

वरचा थर मोझॅकचा द्या. आपल्या जुन्या घरांतली संगमरवरी चुरीची घोटलेली फरशी आठवा, तीच. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून बागांमधून ‘ताको’ म्हणजे ऑक्टोपसच्या आकाराच्या मोठ्या काँक्रीटच्या घसरगुंड्या उभ्या आहेत. त्याही हातानेच घडवतात. पाय म्हणजे घसरगुंड्या, पोटात बोगदे. दोन-तीन पिढ्यांनी घासून त्या गुळगुळीत केल्या. आपल्याकडे मोझॅकचे मिस्त्री अजून आहेत, टाइल्सच्या लाटेत मागे पडले इतकेच. सपाट फरशी घोटणारा मिस्त्री गोल पाठ घोटायला आधी नाही म्हणतो. त्याला हातातले छोटे मशीन द्या आणि मागच्या पायापासून सुरुवात करू द्या, तोंडापर्यंत येईस्तोवर हात बसतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा: म्हैस सावलीत हवी. काळा पृष्ठभाग मे महिन्यात दुपारी तव्यासारखा तापतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जागेच्या नैऋत्य कोपऱ्यात चिंचेचे जुने झाड दिसते. आराखड्यात त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक दाखवले आहेत, ते तिथून काढा. बुंध्याभोवती कमीत कमी दीड मीटर माती उघडी राहू द्या. म्हैस त्या झाडाच्या पूर्वेला बसवली की दुपारनंतरची सावली तिच्यावर पडेल. तीच सावली घसरगुंडीलाही हवी. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून उभी केलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता जागेवर गेलो की खिशातून आधी होकायंत्र काढतो.

चिंचेखाली एक लांब दगडी ओटा बांधा, पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, आणि त्याच्या पृष्ठभागावर खेळांचे पट कोरून घ्या. ही कल्पना माझी नाही. आपल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर कातळात कोरलेले पट आजही दिसतात, ओळीने खोदलेले मंकळ्याचे (बिया एकेका खळग्यात टाकत खेळायच्या खेळाचे) खळगे, वाघ-बकरीच्या रेघा, नवकंकरीचे एकात एक चौकोन. पहाऱ्यावरचे शिपाई, वाटेवरचे व्यापारी, कंटाळलेली माणसे तिथे खेळत असणार. सोंगट्या विकत आणू नका, आठवड्यात हरवतात. झाडाखाली चिंचोके पडतातच. चिंचोका मधोमध फोडला की त्याचाच फासा होतो, हे नातवंडांना सांगायला तिथे बसलेल्या आजोबांना निमित्त मिळते. कोरीव रेघ आठ-दहा मिलिमीटर खोल आणि वर थोडी पसरट ठेवा. अरुंद खोल रेघेत माती बसते आणि झाडूने निघत नाही.

वारलीबद्दल माझे मत जरा कडक आहे. वारली ही पालघर-डहाणू-तलासरीकडची कला. लग्नघरात आतल्या भिंतीवर, शेणामातीने सारवून गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली. घराच्या आत! पावसाचा थेंब लागू नये अशाच जागी ती जन्मली, आणि आपण तिला कंपाउंडच्या उघड्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवतो. माझ्या एका कामात भिंतीच्या पलीकडे गटार होते. पहिल्या पावसाळ्यात ओल आली, दुसऱ्यात तारपा वाजवणाऱ्याच्या पोटातून पोपडे सुटले. शिवाय जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आपण मात्र बोर्ड रंगवणाऱ्याला मोबाइलवरचे चित्र दाखवून ‘असे काढ’ म्हणतो. खरोखर हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, त्याचा मोबदला द्या, नाव लिहा, आणि छपराखालची भिंत द्या. काय काढायचे तेही त्यालाच ठरवू द्या. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी हे पूजेचे चित्र आहे, ते सजावट म्हणून कुठेही, त्यातही पायाखाली, नको. पण आधी स्वतःला विचारा, साताऱ्यात वारलीच का? बहुतेक वेळा उत्तर ‘सगळीकडे असते म्हणून’ एवढेच निघते.

जागा लहान आहे याचे वाईट वाटून घेऊ नका. सहा गुंठे म्हणजे सुमारे ६०० चौरस मीटर. ॲमस्टरडॅममध्ये आल्डो फान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून पुढच्या तीस वर्षांत ७०० हून अधिक खेळाच्या जागा केल्या. त्यांतल्या कितीतरी दोन घरांच्या मधल्या पडीक तुकड्यांवर होत्या. वाळूचा हौद, उड्या मारायचे काँक्रीटचे गोल ठोकळे, कोलांट्यांसाठी लोखंडी दांड्या, एवढेच साहित्य. एकही प्राणी नाही, एकही रंगीत खांब नाही. त्याला प्राण्यांचे वावडे होते आणि मला म्हैस हवी आहे, तेव्हा सगळे त्याचे घेऊ नका. जागा रिकामी ठेवायची हिंमत मात्र घ्या. तुमच्या आराखड्यात जवळजवळ प्रत्येक चौरस मीटरवर काही ना काही उभे आहे. मूल पळणार कुठे?

कमान ठेवायचीच असेल, आणि नगराध्यक्षांना ती हवी असणारच, तर दोन मापे लक्षात ठेवा. बुरुजाला जंग्या (बंदुकीचा मारा करायची भोके), खिडक्या, नक्षीची भोके जी काही असतील ती ८.९ सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा २३ सेंटिमीटरपेक्षा मोठी हवीत. मधल्या मापात मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. तुमच्या चित्रातल्या जंग्या मी मोजल्या, पंधरा सेंटिमीटरच्या आहेत. कुंपणाच्या गजांनाही हेच लागू.

झोपाळा एका कोपऱ्यात, कुणाच्या पळण्याच्या वाटेत नको. त्याखाली नदीची धुतलेली वाळू, किमान तीस सेंटिमीटर; क्रश सँड म्हणजे दगड भरडून केलेली वाळू टाकू नका, ती दाबून घट्ट बसते. कण्हेर, बिट्टी आणि एरंड लावू नका, तिन्ही विषारी आहेत. बकुळ, कदंब, तामण लावा. गावाच्या नावाची अक्षरे रस्त्याच्या बाजूला असू देत, वाद घालण्यात अर्थ नाही.

शेवटी कागदपत्रांचे. हे सगळे एकाच निविदेत घातले तर म्हैस होणार नाही, कारण सरकारी दरसूचीत म्हैस नसते. ठेकेदार तिला काँक्रीटच्या घनमीटरमध्ये बसवेल आणि तसेच काहीतरी हाती देईल. माती, फरशी, ओटे, नळ, शोषखड्डा यांची एक निविदा करा आणि कलाकृतीचे काम वेगळ्या कार्यादेशाने शिल्पकाराला द्या. आधी एकास पाच मापाचा मातीचा नमुना मागा आणि समितीने तो मंजूर केल्याची सही त्याच्या फोटोवर घ्या. अर्धे पैसे सांगाडा पूर्ण झाल्यावर, मसाला चढण्याआधी, कारण जाळी नीट बांधली आहे का ते नंतर कुणालाच दिसत नाही. एकूण रकमेतला दहावा हिस्सा पहिल्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढा. वाळू चाळणे, शेवाळ घासणे, नळाचा वॉशर बदलणे हीच कामे पुढे बाग चालू ठेवतात आणि त्यांनाच पैसे नसतात.

एक माहिती तुमच्या पत्रात नाही. पूर्वेकडच्या भिंतीपलीकडच्या गटाराची पातळी बागेच्या जमिनीपेक्षा वर आहे की खाली, ते नळीत पाणी भरून मोजा आणि कळवा. वर असेल तर पायऱ्यांचा अष्टकोन रद्द करावा लागेल आणि किल्ल्याचा ओटा तिथे हलवावा लागेल. म्हैस जिथे आहे तिथेच राहील.